कल्याणच्या तारा : द्विध्रुवमालांच्या जोडजाळ्यांचा इतिहास

१

आष्टा हे वाळवे तालुक्यातील गाव सांगली-इस्लामपूर रस्त्यावर वसलेले आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, व १९६० साली त्यास सांगली हे नाव देण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात, १९६३ साली, सांगलीस आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. गावातील घरांच्या छपरांवर ताणलेल्या तारा व जाळ्या या पिढीने पाहिल्या. पुढच्या पिढीने दूरदर्शनचे बहुदांडी आकाशक पाहिले. दोन पावसाळे गेले की पडद्यावर मुंग्या येऊ लागत. घरचा मुलगा वर चढून आकाशक फिरवून पाही; परंतु जाणता दुरुस्तीवाला आकाशकास हात लावीत नसे. तो प्रथम खाली येणारी तार तपासे, तिच्या जोडातील हिरवट गंज खरवडी, आणि बहुधा तारच बदलून देई. अॅल्युमिनियमच्या दांड्यांना काहीही झालेले नसे. पाणी मुरलेले असे ते तारेत.

हा अनुभव क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या देशातील रेडिओ-ज्योतिर्विज्ञानाचा इतिहास लिहिताना त्याचा विसर पडलेला दिसतो. तो इतिहास सामान्यतः परावर्तकांचा म्हणून लिहिला जातो. कल्याणच्या बत्तीस तबकड्या, उटकमंडच्या डोंगरउतारावरील अर्ध्या किलोमीटरहून लांब परवलयाकार पन्हाळ, खोडद येथील तीस महाकाय तबकड्या, असा तो क्रम असतो. छायाचित्रांत दिसते तेही हेच. या सर्वांना एकत्र बांधून त्यांपासून एक यंत्र घडविणारे तारांचे जाळे छायाचित्रात येत नाही, कोनशिलेवर येत नाही, आणि म्हणून ग्रंथांतही फारसे येत नाही. कारागीर ज्यास ‘फेजिंग हार्नेस’ म्हणतात व ज्यास आपण येथे जोडजाळे म्हणू, त्या अंगाच्या दृष्टीने हा इतिहास पुन्हा पाहावा, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. परदेशातून आणलेले वा देशात उभारलेले उपकरण आपले झाले असे केव्हा म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर ते उपकरण प्रथम चालू झाले त्या दिवशी मिळत नाही, तर त्यातील नाशवंत भाग प्रथम नव्याने बांधला गेला त्या दिवशी मिळते, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

विषय इतिहासाचा असला तरी जोडजाळ्याचे कार्य काय, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाही. अनेक द्विध्रुव एका ओळीत मांडले व त्यांचे संकेत एकत्र मिळविले, तर त्यांची ग्रहणशक्ती वाढते आणि ज्या दिशेकडे ते ‘पाहतात’ तो पट्टा अरुंद होतो. परंतु हे घडण्यास प्रत्येक द्विध्रुवाचा संकेत मिलनबिंदूस समान कलेत पोहोचला पाहिजे. एकाच्या लाटेचा माथा आणि दुसऱ्याच्या लाटेचा तळ एकाच क्षणी आले, तर दोघे मिळून शून्य होतात. यास्तव प्रत्येक द्विध्रुवापासून मिलनबिंदूपर्यंतच्या मार्गाची विद्युतीय लांबी सारखी ठेवावी लागते. त्यासाठी दोन-दोन मार्गांची एक गाठ, तशा दोन गाठींची पुढची एक गाठ, अशी वृक्षाच्या फांद्यांसारखी रचना करतात. बत्तीस द्विध्रुव अशा पाच पायऱ्यांत एक होतात.

दुसरी अट संरोधाची आहे. ५० ओहम संरोधाचे दोन आकाशक सरळ एकत्र जोडले तर गाठीपाशी २५ ओहम उरतात, व ५० ओहमच्या मुख्य तारेकडे जाणाऱ्या शक्तीचा काही भाग परत फिरतो. यावर जुना व सोपा उपाय असा की, प्रत्येक आकाशक व गाठ यांमध्ये ७५ ओहमच्या तारेचा पाव तरंगलांबीचा तुकडा घालावा. तो ५० ओहमचे सुमारे ११२ ओहम करतो, आणि असे दोन समांतर आले की ५६ ओहम होतात. मेळ बराचसा जमतो. मात्र हा तुकडा एकाच कंप्रतेपुरता खरा असतो. कंप्रता बदलली की जाळ्यातील पाव तरंगलांबीचा प्रत्येक तुकडा निरुपयोगी ठरतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता चुकीची किंमत पाहू. ६१० मेगाहर्ट्झ कंप्रतेस तरंगलांबी सुमारे ४९ सेंटिमीटर असते. पॉलिथिनच्या भरीव निरोधकाच्या समाक्ष तारेत लाटेचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ०.६६ पट असतो. म्हणून तारेतील तरंगलांबी ३२ सेंटिमीटरच्या आसपास येते. तार कापताना एक मिलिमीटरची चूक झाली तर कलेत एका अंशाहून किंचित अधिक फरक पडतो. निरनिराळ्या मार्गांतील चुका स्वैर असून त्यांचे वर्गमध्यमूळ १० अंश असेल, तर मालेची शक्ती सुमारे ३ टक्क्यांनी घटते; तेच ३० अंश झाले तर घट २४ टक्क्यांवर जाते. म्हणजे लहान चुका माफ होतात, मध्यम चुका होत नाहीत.

जुने जाळे बदलून नवे बांधणाऱ्यास खरा धोका मापनपट्टीपासून नसतो, तारेच्या जातीपासून असतो. समजा, दहा मीटर लांबीच्या काही तारा जुन्याच ठेवल्या व काही नव्या गुंडाळीतून कापल्या. जुन्या तारेत वेगाचे प्रमाण ०.६६ आणि नव्या तारेत ०.६७ आहे. दोन्ही तारा पट्टीने तंतोतंत दहा मीटर भरतील. तरीही त्यांच्या विद्युतीय लांबीत सुमारे साडेबावीस सेंटिमीटरचा फरक असेल, आणि ६१० मेगाहर्ट्झला तो १६५ अंशांहून अधिक होतो. जवळजवळ पूर्ण विरोध! एकमेकांना साहाय्य करावयाचे ते द्विध्रुव एकमेकांस पुसून टाकतील. म्हणून अनुभवी माणसे जाळ्याच्या तारा एकाच गुंडाळीतून कापतात, प्रथम थोड्या लांब ठेवतात, आणि पट्टीऐवजी कलामापन करीत करीत योग्य लांबीस आणतात. पावसाळी प्रदेशात याला आणखी एक कारण जडते. वेष्टनाला चीर पडून पाणी आत शिरले की जाळीदार तांबे काळे पडते. शक्तिक्षय वाढतो व कलाही सरकते, आणि तीही सर्व तारांत सारखी सरकत नाही.

३

या कथेचा आरंभ आपल्याकडे नव्हे, तर ऑस्ट्रेलियात सिडनीजवळील पॉट्स हिल येथील जलाशयाच्या काठी होतो. तेथे डब्ल्यू. एन. क्रिस्टिअनसेन यांनी १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सुमारे पावणेदोन मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या पूर्व-पश्चिम ओळीत उभ्या केल्या. ओळीची लांबी २१७ मीटर असून काम २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर चाले. प्रत्येक तबकडीच्या नाभीपाशी एक द्विध्रुव होता, आणि सर्व द्विध्रुव उघड्या दोन तारांच्या शाखायुक्त जाळ्याने एका ग्राहकास जोडलेले होते. सूर्याचे एकेक पट्टे वेगळे करून पाहण्यासाठी ही योजना होती.

उघड्या तारेच्या अशा जाळ्याची एक खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. ओळीच्या मध्यापासून टोकापर्यंत सुमारे १०८ मीटर तांब्याची तार धरली, तर तपमानात २० अंशांचा फरक पडल्यास ती साडेतीन सेंटिमीटरांहून अधिक वाढते. २१ सेंटिमीटरच्या लाटेस हा फरक साठ अंशांवर जातो. मग सकाळी जुळविलेले यंत्र दुपारी बिघडत कसे नाही? उत्तर शाखारचनेत आहे. प्रत्येक मार्ग सारख्याच लांबीचा असल्यामुळे सर्व मार्ग सारखेच वाढतात. निरपेक्ष कला बदलते, परंतु परस्परांतील अंतर बदलत नाही. अर्थात सर्व तारांवर ऊन सारखे पडले तरच. एखादी शाखा झाडाच्या सावलीत गेली की समता ढळते. जोडजाळ्याची गुणवत्ता अशा रीतीने धातूपेक्षा समतेवर अवलंबून असते.

१९५२ साली सिडनीस आंतरराष्ट्रीय रेडिओ-विज्ञान संघाचे अधिवेशन भरले होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन हे त्यास उपस्थित होते, व तेथील रेडिओ-ज्योतिर्विज्ञानाची प्रगती पाहून प्रभावित झाले. पुढच्याच वर्षी गोविंद स्वरूप व आर. पार्थसारथी हे दोन तरुण कोलंबो योजनेखाली सिडनीस गेले. तेथे जे. एल. पॉसी यांच्या नेतृत्वाखालील गटात त्यांनी काम केले, आणि पॉट्स हिलची पूर्व-पश्चिम माला २१ सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झवर, आणली. शांत सूर्यबिंबाची कड त्या लांबीवर अधिक तेजस्वी दिसते काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९५५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

इतिहासकार या घटनेची नोंद ‘मालेत फेरफार केला’ अशा एका वाक्यात करतात. त्या एका वाक्यात काय दडले आहे, हे वरील विवेचनावरून कळेल. तबकडी कोणत्याही लाटेस परावर्तित करते. तिला फेरफार नको असतो. नाभीवरील द्विध्रुवांना व जाळ्यातील गाठींना तो हवा असतो. तरंगलांबी जवळजवळ तिप्पट झाल्याने बत्तीस द्विध्रुव नव्या मापाचे पाहिजेत, मेळ साधणारे तुकडे नव्या लांबीचे पाहिजेत, आणि नंतर बत्तीस मार्गांची कला एकेक करून जुळविली पाहिजे. भारतीय रेडिओ-ज्योतिर्विदांचे पहिले मोठे प्रात्यक्षिक शिक्षण असे दुसऱ्याच्या यंत्राचे जोडजाळे नव्याने बांधण्यात झाले. दूरदर्शी असोत वा नसोत, सर्व शिक्षणपद्धतींनी याची दखल घ्यावयास हवी.

४

पॉट्स हिलच्या या तबकड्या पुढे अनावश्यक ठरल्या. त्या मोडीत न काढता भारतास द्याव्या, अशी सूचना स्वरूप यांनी केली व ऑस्ट्रेलियन संस्थेने ती मान्य केली. तथापि, वाहतुकीच्या खर्चाचा प्रश्न परकीय चलनाच्या तंगीत अडकून पडला, आणि तबकड्या दिल्लीस पोहोचण्यास १९५८ साल उजाडले. तोपर्यंत स्वरूप अमेरिकेस गेलेले होते. बत्तीस तबकड्या दिल्लीत होत्या. त्यांपासून दुर्बीण मात्र झाली नाही. येथे आमच्या प्रतिपादनाचे पहिले प्रमाण मिळते. उपकरणाचा दिखाऊ व टिकाऊ भाग देशात येऊन पडला होता. नव्हते ते जोडजाळे, आणि ते बांधून जुळविणारी माणसे.

ती माणसे त्या वर्षांत दुसरीकडे तयार होत होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे आर. एन. ब्रेसवेल यांनी ३२ तबकड्यांची चौफुलीच्या आकाराची माला उभारली. तिची तरंगलांबी ९.१ सेंटिमीटर, म्हणजे मार्गात एका मिलिमीटरच्या फरकाने जवळजवळ चार अंशांची चूक. एवढ्या बारकाईने कला जुळविण्यासाठी स्वरूप व के. एस. यांग यांनी जी रीत काढली ती १९६१ साली प्रसिद्ध झाली. तिचे तत्त्व सुगम आहे. मिलनबिंदूपासून एक संकेत उलट दिशेने आकाशकाकडे पाठवावयाचा. आकाशकाच्या टोकाशी त्याचे परावर्तन कमी कंप्रतेने चालू-बंद करावयाचे, आणि परत आलेल्या संकेतांपैकी त्या तालावर बदलणारा तेवढाच भाग वेचून त्याची कला मोजावयाची. वाटेतल्या इतर गाठींवरून फिरलेले संकेत त्या तालावर नसल्यामुळे आपोआप गळून पडतात. संकेत गेलेला व आलेला असल्याने मोजलेली कला दुप्पट असते. तिचे अर्ध करावे लागते. परंतु निरीक्षकाला प्रत्येक तबकडीपाशी मोजयंत्र वाहून नेण्याचे कारण उरत नाही, व मोजयंत्राची स्वतःची तार हाच चुकीचा उगम होण्याचा संभव टळतो. जाण्यायेण्याच्या फेरीवरून कला मोजण्याच्या या तत्त्वाचा उपयोग पुढे मोठमोठ्या मालांत झाला.

१९६१ साली स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू व टी. कृष्णन या परदेशस्थ चौघांनी भारतात रेडिओ-ज्योतिर्विज्ञानाचा गट स्थापण्याचा प्रस्ताव पाठविला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांनी १९६२ च्या जानेवारीत तारेने होकार कळविला, आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये स्वरूप मुंबईस रुजू झाले. त्याच वर्षी सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, हा केवळ योगायोग. पण एका राज्यात एकाच वर्षी प्रक्षेपणाच्या व ग्रहणाच्या दोन निराळ्या प्रवाहांस आरंभ व्हावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गटात विजय कपाही, जे. डी. इसलूर, आर. पी. सिन्हा, एन. व्ही. जी. शर्मा, एम. एन. जोशी अशी तरुण मंडळी आली. दिल्लीतील तबकड्या मिळविण्यात आल्या, व १९६५ साली मुंबईनजीक कल्याण येथे त्यांची माला उभी राहिली.

कल्याणची माला ही पॉट्स हिलची नक्कल नव्हती. २४ तबकड्या ६३० मीटर लांबीच्या पूर्व-पश्चिम ओळीत व ८ तबकड्या २५६ मीटर लांबीच्या दक्षिणोत्तर ओळीत मांडल्या होत्या. कंप्रता ६१० मेगाहर्ट्झ होती. अंतरे समान धरली तर पूर्व-पश्चिम ओळीत दोन तबकड्यांमध्ये सुमारे साडेसत्तावीस मीटर पडतात, आणि अशा मालेच्या लागोपाठच्या ग्रहणपट्ट्यांत आकाशात एका अंशाच्या आसपास अंतर राहते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे, आणि रेडिओत ते थोडे मोठे दिसते. तेव्हा सूर्य एका वेळी एकाच पट्ट्यातून सरकतो, दोन पट्ट्यांत सांडत नाही. दोन्ही ओळी मिळून सूर्यपृष्ठावर सुमारे २.३ व ५.२ कलामिनिटांपर्यंतचा तपशील वेगळा दिसे. सौर डागांचा काळ मंद होता, त्यामुळे शांत सूर्याचा अभ्यास करण्यास ती वेळ अनुकूल ठरली.

आता जोडजाळ्याच्या दृष्टीने हिशेब मांडू. पॉट्स हिलहून आलेल्यांपैकी तबकड्या तेवढ्या उपयोगी पडल्या. ओळीची लांबी जवळजवळ तिप्पट झाल्याने तारा नव्या पाहिजेत. कंप्रता तिसरीच असल्याने द्विध्रुव व मेळाचे तुकडे नवे पाहिजेत. फार काय, वृक्षाचा आकारही नवा पाहिजे. बत्तीस ही संख्या दोन-दोनच्या जोड्यांनी पाच पायऱ्यांत एकावर येते. चोवीस तशी येत नाही, कोठे तरी तिघांची गाठ मारावीच लागते, व तिचा मेळ निराळा असतो. म्हणून ‘ऑस्ट्रेलियाने दिलेली दुर्बीण कल्याणला उभारली’ हे प्रचलित विधान अपुरे आहे. ऑस्ट्रेलियाने तबकड्या दिल्या. दुर्बीण कल्याणला झाली.

५

कल्याणच्या अनुभवावर उटकमंडची दुर्बीण उभी राहिली. विषुववृत्ताजवळच्या भूमीचा लाभ घेणारी ही कल्पना सर्वश्रुत आहे : अक्षांशाइतक्या, म्हणजे सुमारे ११ अंशांच्या उताराचा दक्षिणोत्तर डोंगर निवडावयाचा, म्हणजे दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षास समांतर होतो. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी ती पन्हाळ २४ परवलयाकार चौकटींवर ताणलेल्या ११०० पोलादी तारांची बनलेली आहे. १९७० साली ती कार्यान्वित झाली. पूर्वेकडून पश्चिमेकडे ती यांत्रिक रीतीने फिरते. परंतु उत्तर-दक्षिण दिशेत काहीच हलत नाही. तेथे दृष्टी वळवितात ती नाभिरेषेवरील द्विध्रुवमालेच्या कलांनी. लगतच्या दोन द्विध्रुवांत अर्धी तरंगलांबी अंतर असेल आणि दृष्टी ३० अंश वळवावयाची असेल, तर प्रत्येक द्विध्रुवाची कला शेजाऱ्याहून ९० अंशांनी मागे ठेवली की काम होते. येथे जोडजाळे केवळ समतेचे राहत नाही. ते हुकमी विषमतेचे होते. दुर्बिणीचे सुकाणूच त्यात आहे.

आरंभी या रेषेवर ९६८ द्विध्रुव होते. काम ३२६.५ मेगाहर्ट्झवर चाले. चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ-उगमांच्या निरीक्षणांवरून त्यांचे कोनीय आकार ठरविण्यात आले, व १९७५ साली स्वरूप व कपाही यांनी त्यांवरून विश्वाच्या उत्क्रांतीविषयी जे निष्कर्ष मांडले ते सर्वत्र परिचित आहेत. परंतु वीस वर्षांच्या वाऱ्यापावसानंतर, आणि मधल्या काळात इलेक्ट्रॉनिकी पुढे गेल्यानंतर, या मालेचे पुनर्निर्माण करण्याचे ठरले. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते पार पडले. ९६८ च्या जागी १०५६ द्विध्रुव आले. प्रत्येकी ४८ द्विध्रुवांचा एक असे २२ विभाग झाले, अकरा उत्तरेचे व अकरा दक्षिणेचे. प्रत्येक द्विध्रुवामागे स्वतंत्र अल्पगोंगाटी विवर्धक बसविला गेला, आणि त्यामागे डायोडच्या साहाय्याने चालणारा चार अंकी कलापालटक.

या बदलाचे मर्म दोन हिशेबांनी स्पष्ट होईल. पहिला गोंगाटाचा. संकेत विवर्धकापाशी पोहोचण्यापूर्वी तारांत व गाठींत अर्धी शक्ती नष्ट झाली, तर नुसता संकेतच अर्धा होत नाही. त्या उबदार तारा स्वतःचा गोंगाट मिसळतात, व त्याचे मोल द्विध्रुवापाशी मोजले असता २९० केल्व्हिन तपमानाइतके भरते. एकदा द्विध्रुवालगतच संकेत वाढविला, की पुढील जाळ्यातील तूट क्षम्य होते. विवर्धक जाळ्याच्या मुळापासून त्याच्या पानापानापर्यंत नेला, असे म्हणता येईल. दुसरा हिशेब कलेचा. चार अंकी पालटक सोळा पायऱ्या देतो. प्रत्येक पायरी २२.५ अंशांची. हवी असलेली कला व मिळालेली कला यांत अधिकात अधिक सव्वाअकरा अंशांचे अंतर पडते, आणि त्याचे वर्गमध्यमूळ साडेसहा अंश येते. यामुळे होणारी शक्तीची घट सुमारे १.३ टक्के. चौथ्या अंकावर थांबणे हा काटकसरीचा निर्णय वाटेल. तो वस्तुतः हिशेबाचा निर्णय आहे. पाचव्या अंकाने एका टक्क्याच्या आसपासच लाभ झाला असता, आणि तोही हजाराहून अधिक ठिकाणी खर्च करून.

पन्हाळ तीच राहिली, पोलादी चौकटी त्याच राहिल्या. दुर्बिणीची संवेदनक्षमता मात्र कितीतरी वाढली. बाहेरून पाहणारास या घटनेचा पत्ताही लागला नसता. १९७० ची घटना पाठ्यपुस्तकांत आहे. हे पुनर्निर्माण तांत्रिक नियतकालिकांत शोधावे लागते. दोहोंपैकी कोणत्या घटनेने भारतीय कारागिरीची परिपक्वता अधिक सिद्ध होते, याचा वाचकांनी विचार करावा.

६

जोडजाळ्याची ही उपेक्षा केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. १९६७ साली केंब्रिजजवळ ॲन्टनी ह्युइश यांच्या योजनेनुसार सुमारे साडेचार एकरांत २०४८ द्विध्रुवांची माला उभारण्यात आली, कंप्रता ८१.५ मेगाहर्ट्झ. तिच्या तारा ओढण्यात, जोडण्यात व तपासण्यात जॉसलिन बेल या विद्यार्थिनीने दोन वर्षे घालविली, आणि मग त्याच मालेच्या कागदी नोंदींत तिला स्पंदक ताऱ्याचा पहिला माग लागला. नोंदीतील तो बारीकसा ओरखडा बाहेरच्या विक्षेपाचा नव्हे, असा आग्रह तिने धरला. आपले जाळे कोणता खोटा संकेत देऊ शकते व कोणता देऊ शकत नाही, हे ज्याने ते स्वतः बांधले आहे त्यास जितके कळते तितके इतरांस कळत नाही. तिच्या आग्रहामागे या ज्ञानाचे बळ असावे, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्युइश व मार्टिन राइल यांना.

महाराष्ट्रात हीच परंपरा जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पुढे चालू राहिली. तेथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने व १६ तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या आहेत. मूळच्या १५० मेगाहर्ट्झच्या ग्राहक अंगात चार दुमडीच्या द्विध्रुवांची चौकट असून तिचे समोरासमोरचे दोन द्विध्रुव मिळून एक जोडी होई; सर्वांत लहान जोडजाळे म्हणावे ते हेच. तबकड्यांना बांधणारे मोठे जाळे प्रकाशतंतूंचे आहे. दुसऱ्या दशकात, म्हणजे २०१० नंतर, या दुर्बिणीचे नूतनीकरण झाले. तेव्हाही तबकड्या जागच्या जागीच राहिल्या. बदलली ती नाभीवरील ग्राहक अंगे, विवर्धक व पुढील संकेतमार्ग. कल्याण, उटकमंड, खोडद, या तिन्ही ठिकाणी एकच क्रम आढळतो : परावर्तक टिकतो, जाळे जीर्ण होते वा मागे पडते, आणि दुर्बिणीचे आयुष्य जाळे किती वेळा नव्याने बांधता येईल यावर ठरते. गोविंद स्वरूप २०२० साली पुण्यात निवर्तले. सिडनीच्या मालेवर ज्या हातांनी पहिले जाळे बदलले, त्यांनीच खोडदची आखणी केली होती.

७

या प्रतिपादनावर एक आक्षेप येणे संभवनीय आहे. अर्धसंवाहक घटक, मापनयंत्रे, कित्येक प्रकारच्या उत्तम तारा या गोष्टी दीर्घकाळ परदेशांतूनच येत होत्या. मग जोडजाळे ‘आपले’ कसे? आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे, परंतु तो मुद्द्यास बाधक नाही. घटक आपले होते असा येथे दावा नाही. दावा निर्णयांविषयी आहे. किती द्विध्रुव घ्यावेत, विवर्धक कोठे बसवावा, कला किती बारकाईने जुळवावी आणि कोठे थांबावे, हे निर्णय बाजारातून मिळत नाहीत. जाळे स्वतः बांधून, एकदा चुकून व पुन्हा बांधूनच ते घेता येतात. आष्ट्याच्या छपरावर चढलेला दुरुस्तीवालाही तार विकतच आणी. तार बदलावयाची की आकाशक, हे मात्र त्याचे त्याला कळत असे.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. उपकरणाच्या उद्‌घाटनाची कागदपत्रे जपली जातात : भाषणे, छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका. जाळे कापताना लिहिलेल्या वह्या, एकेका मार्गाची मोजलेली कला, कोणत्या पावसाळ्यानंतर कोणती शाखा बिघडली याची टिपणे, ही मात्र जाळ्याबरोबरच मोडीत जाण्याचा धोका असतो. कल्याणच्या तबकड्या धातूच्या होत्या, म्हणून सिडनीहून दिल्लीस व दिल्लीहून कल्याणास येऊ शकल्या. त्यांना जोडणाऱ्या तारांना असे दुसरे आयुष्य नसते. त्यांचे आयुष्य त्या वह्यांतच असते. आपल्या विभागांच्या प्रयोगशाळांतून, आकाशवाणीच्या निवृत्त तंत्रज्ञांच्या घरांतून, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अडगळीतून अशा वह्या सापडतील तेथून त्या गोळा करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास शोभेल असे काम आहे. पुढे कोणी या देशातील विज्ञानाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा त्यास यंत्रे कोणी उभारली याची माहिती सहज मिळेल. ती वर्षानुवर्षे चालती कोणी ठेवली, हे सांगणारा पुरावा त्याच्या हाती द्यावयाचा की नाही, हे आज आपण ठरवावयाचे आहे.